क्रम आणि चिन्ह : आनुवंशिकी व वैद्यकीय संशोधनातील अप्राचलीय संख्याशास्त्र

प्रस्तावना

प्रयोगशाळा तंत्रज्ञान, परिचर्या, औषधनिर्माण यांसारखे अभ्यासक्रम शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कधी ना कधी एक छोटा प्रकल्प करावा लागतो. आठ-दहा रुग्णांची रक्ततपासणी, दोन गट, दोन सरासऱ्या आणि शेवटी संगणकाने दिलेले ‘टी-चाचणी’चे उत्तर, असा या प्रकल्पांचा ठरलेला साचा असतो. उत्तर ०.०५ पेक्षा कमी आले की ‘फरक लक्षणीय’ आणि जास्त आले की ‘फरक नाही’ अशी नोंद होते व प्रकल्पाची वही बंद होते. ही चाचणी कोणत्या अटींवर उभी आहे, आणि हाती असलेले आकडे त्या अटी पाळतात का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

वैद्यकीय संशोधनात या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. उपयोगी औषध निरुपयोगी ठरू शकते, आणि निरुपयोगी औषध रुग्णाच्या माथी मारले जाऊ शकते. रुग्ण थोडे असतात, आकडे वेडेवाकडे असतात, काही नोंदी अर्धवट राहतात. अशा वेळी आकड्याच्या परिमाणावर विसंबण्याऐवजी त्याच्या क्रमावर किंवा नुसत्या चिन्हावर विसंबून निष्कर्ष काढणाऱ्या पद्धतींना अप्राचलीय पद्धती म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतींचे मूळ तत्त्व, वैद्यकीय संशोधन व आनुवंशिकी या दोन क्षेत्रांतील त्यांचा उपयोग आणि त्यांच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

संज्ञेचा अर्थ

संपूर्ण समष्टीचे वर्णन करणाऱ्या संख्येला ‘प्राचल’ म्हणतात. घंटेच्या आकाराचे प्रसामान्य वितरण मध्य आणि प्रमाण विचलन या दोन प्राचलांनी पूर्णपणे सांगता येते. टी-चाचणी हेच वितरण गृहीत धरते, म्हणून ती प्राचलीय चाचणी होय. वितरणाच्या आकाराविषयी असे गृहीतक न करणाऱ्या पद्धतींसाठी ‘अप्राचलीय’ हे विशेषण जेकब वुल्फोविट्झ यांनी १९४२ साली वापरले आणि ते रूढ झाले.

येथे दोन शब्दांतील फरक ध्यानात ठेवला पाहिजे. ‘मध्य’ म्हणजे सरासरी, तर ‘मध्यक’ म्हणजे आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारी किंमत. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना हेच शब्द ‘औसत’ आणि ‘वस्तानिया’ या रूपांत परिचित असतात. मराठीत ‘मध्य’ व ‘मध्यक’ यांत एकाच अक्षराचा फरक असल्याने विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. अशा वेळी उर्दूतील जोडी सांगितली की फरक चटकन स्पष्ट होतो. मध्य आकड्यांच्या परिमाणावर ठरतो, मध्यक त्यांच्या क्रमावर ठरतो. पुढील सर्व विवेचन याच भेदावर आधारलेले आहे.

एका बिंदूची किंमत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. शरीरात दाह किंवा संसर्ग असल्यास रक्तातील सीआरपी हे प्रथिन वाढते. समजा, ‘अ’ गटातील चार रुग्णांचे सीआरपी दर लिटरला ४, ६, ९ आणि ११ मिलिग्रॅम आहे, तर ‘ब’ गटातील चौघांचे १२, १५, १८ आणि २४० आहे. ‘ब’ गटातील प्रत्येक आकडा ‘अ’ गटातील प्रत्येक आकड्यापेक्षा मोठा आहे. दोन्ही गट वेगळे आहेत हे सांगायला नुसती नजर पुरते.

टी-चाचणी मात्र वेगळेच सांगते. ‘अ’ गटाचा मध्य ७.५ आणि ‘ब’ गटाचा ७१.२५ येतो, म्हणजे फरक प्रचंड आहे. परंतु २४० या एका आकड्यामुळे ‘ब’ गटातील विचलनही इतके फुगते की ‘टी’ची किंमत केवळ १.१३ च्या आसपास राहते आणि संगणक ‘फरक लक्षणीय नाही’ असे उत्तर देतो. आता समजा, तो आकडा मुळात २४.० होता आणि उतरवून घेताना दशांश बिंदू निसटला. बिंदू जागेवर ठेवताच ‘ब’ गटाचा मध्य १७.२५ होतो, दोन मध्यांतील फरक घटून ९.७५ वर येतो आणि ‘टी’ची किंमत ३.२५ होऊन तोच फरक लक्षणीय ठरतो. फरक लहान झाला आणि पुरावा बळकट झाला, अशी ही विचित्र अवस्था आहे. प्रकल्पाचा निष्कर्ष एका बिंदूवर लटकलेला होता.

अर्थात २४० हा आकडा खराही असू शकतो, कारण गंभीर संसर्गात सीआरपी शेकड्यांत जाते. त्यामुळे असा आकडा गैरसोयीचा म्हणून खोडून टाकणे हा उपाय नव्हे.

क्रमाची चाचणी

फ्रँक विल्कॉक्सन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकन सायनामिड या कंपनीत कीटकनाशकांवर काम करताना त्यांना अशाच आकड्यांशी झुंजावे लागे. १९४५ साली त्यांनी अवघ्या चार पानांच्या लेखात सुचवलेला उपाय साधा होता : दोन्ही गटांतील आकडे एकत्र करा, त्यांना चढत्या क्रमाने क्रमांक द्या आणि पुढचे गणित क्रमांकांवर करा.

वरील उदाहरणात ‘अ’ गटाला १, २, ३, ४ हे क्रमांक मिळतात व त्यांची बेरीज १० येते. ‘ब’ गटाला ५, ६, ७, ८ मिळतात व बेरीज २६ येते. शेवटचा आकडा २४ असो वा २४०, त्याचा क्रमांक आठवाच राहतो. दोन गटांत खरोखर काही फरक नसेल, तर आठ क्रमांकांपैकी कोणतेही चार ‘अ’ गटाच्या वाट्याला येण्याची शक्यता सारखीच असली पाहिजे. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत. त्यांपैकी एकाच प्रकारात ‘अ’ गटाला सर्वांत लहान चार क्रमांक मिळतात आणि एकाच प्रकारात सर्वांत मोठे चार मिळतात. म्हणून दोन्ही बाजूंचा विचार करता संभाव्यता २/७०, म्हणजे सुमारे ०.०२९ येते. येथे घंटाकृती वितरणाची गरज पडली नाही, तक्ता लागला नाही, केवळ मोजणी पुरली.

हेन्री मान व डोनाल्ड व्हिटनी यांनी १९४७ मध्ये हीच चाचणी वेगळ्या वाटेने मांडली. ‘अ’ गटातील प्रत्येक रुग्णाची ‘ब’ गटातील प्रत्येकाशी तुलना करा. चार गुणिले चार अशा १६ जोड्या होतात, आणि या उदाहरणात सोळाही जोड्यांत ‘ब’ वरचढ आहे. हे रूप शिकवायला सोपे आहे, शिवाय उत्तराला वैद्यकीय अर्थही देते. कारण ‘शंभरातील किती जोड्यांत नव्या औषधाचा रुग्ण अधिक बरा आहे’ हा प्रश्न डॉक्टरला आणि रुग्णालाही समजतो.

गट दोनपेक्षा अधिक असल्यास विल्यम क्रुस्कल व ॲलन वॉलिस यांची १९५२ ची चाचणी वापरतात. या शाखेत मराठी संशोधकांचाही वाटा आहे. अनेक गटांच्या तुलनेसाठी व्ही. पी. भापकर यांनी १९६१ मध्ये व जे. व्ही. देशपांडे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या अप्राचलीय चाचण्या या विषयाच्या ग्रंथांतून त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. दोघेही पुणे विद्यापीठाशी संबंधित होते.

त्याहून जुनी : चिन्ह चाचणी

क्रमांकही बाजूला ठेवून केवळ अधिक आणि उणे मोजणारी चाचणी याहून फार जुनी आहे. इंग्लंडच्या राणी ॲनचे वैद्य जॉन अर्बथनॉट यांनी १६२९ ते १७१० या ८२ वर्षांतील लंडनच्या नामकरण-नोंदी तपासल्या. प्रत्येक वर्षी मुलींपेक्षा मुलांची संख्या अधिक होती. मुलगे आणि मुली सारख्याच संख्येने जन्मत असतील, तर एखाद्या वर्षी मुलगे अधिक असण्याची संभाव्यता फार तर निम्मी. मग सलग ८२ वर्षे तसेच घडण्याची संभाव्यता अर्ध्याला अर्ध्याने ८२ वेळा गुणल्याइतकी, म्हणजे जवळजवळ शून्य. हा योगायोग नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो बरोबर होता. मानवी जन्मात दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे असतात, हे आज सर्वमान्य आहे.

अर्बथनॉट यांनी मात्र त्यापुढे जाऊन यात ईश्वरी योजनेचा पुरावा पाहिला. श्रद्धा म्हणून कोणी तसे मानू शकेल, पण चाचणीने ते सिद्ध केले नव्हते. चाचणी केवळ ‘हा योगायोग नव्हे’ एवढे सांगते. ‘मग हे कशामुळे’ या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या अभ्यासाने शोधावे लागते. आकड्यांच्या आधारे बोलणाऱ्या प्रत्येकाने हा भेद पाळला पाहिजे.

एकवीस जोड्यांचा कौल

अडीच शतकांनंतर हीच मोजणी मुलांच्या जिवाशी निगडित झाली. तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांना स्टेरॉइड देऊन रोग तात्पुरता शमवता येई, पण तो लवकरच उलटे. ६-मर्कॅप्टोप्युरीन या औषधाने तो अधिक काळ शांत राहतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील ११ रुग्णालयांत चाचणी झाली. तिचे निष्कर्ष एमिल फ्रायराइक व सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केले.

रोगशमन झालेल्या ४२ मुलांच्या २१ जोड्या करण्यात आल्या. प्रत्येक जोडीतील एकाला औषध, तर दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणाला काय द्यायचे हे दैवगतीने, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने ठरले. जोडीतील ज्याचा रोग अधिक काळ शांत राहील त्याच्या बाजूने एक कौल नोंदवायचा. एका जोडीत औषधाविना १ आठवडा आणि औषधासह १० आठवडे असा कालावधी आला. दुसऱ्या एका जोडीत उलट, औषधाविना २२ आणि औषधासह ७ आठवडे आला. एकूण २१ पैकी १८ कौल औषधाच्या बाजूने पडले आणि ३ विरुद्ध.

नाणे २१ वेळा उडवले, तर छापा-काटा १८–३ किंवा त्याहून एकतर्फी पडण्याची दोन्ही बाजूंची मिळून संभाव्यता सुमारे ०.००१५ आहे. हजारात एक-दोनदाच घडेल अशी ही गोष्ट. प्रत्येक जोडीनंतर कौल तपासायचा आणि पुरावा पुरेसा होताच थांबायचे, अशी चाचणीची आखणी होती. त्यामुळे गरजेपेक्षा अधिक मुलांना औषधाविना ठेवावे लागले नाही. साध्या मोजणीचे मोल येथे दिसते.

अर्धवट नोंदींचा प्रश्न

याच आकड्यांनी दुसरा प्रश्नही पुढे आणला. चाचणी थांबली तेव्हा औषध घेणाऱ्या २१ पैकी १२ मुलांचा रोग अजून शांतच होता. त्यांचा कालावधी ‘६ आठवड्यांहून अधिक’, ‘३५ आठवड्यांहून अधिक’ असाच सांगता येतो. मग सरासरी कशी काढायची? ही बारा मुले वगळून ज्यांचा रोग उलटला अशा नऊ मुलांचीच सरासरी काढली, तर ती सुमारे १२ आठवडे येते. औषध नसलेल्या गटाची सरासरी ८.७ आठवडे आहे. म्हणजे औषधाचा गुण जेमतेम साडेतीन आठवड्यांचा वाटतो. ज्यांना औषध सर्वांत अधिक लागू पडले, नेमके तेच वगळल्याने हा आभास निर्माण होतो.

एडवर्ड कॅप्लन व पॉल मायर यांनी १९५८ मध्ये दिलेली रीत या ठिकाणी उपयोगी पडते. रोग उलटण्याची प्रत्येक वेळ घ्यायची, त्या क्षणी निरीक्षणाखाली किती मुले होती आणि त्यांपैकी कितींचा रोग उलटला हे पाहायचे. औषध गटात सहाव्या आठवड्यात २१ पैकी तिघांचा रोग उलटला, म्हणून उरलेला अंश १८/२१, म्हणजे ०.८५७. सातव्या आठवड्यात निरीक्षणाखाली १७ मुले होती, त्यांपैकी एकाचा रोग उलटला, म्हणून ०.८५७ ला १६/१७ ने गुणायचे आणि ०.८०७ मिळवायचे. ज्या मुलाची नोंद ‘६ हून अधिक’ एवढीच आहे, ते सहाव्या आठवड्यापर्यंतच्या हिशेबात राहते आणि पुढे गळते. त्याने दिलेली माहिती वाया जात नाही आणि न दिलेली माहिती त्याच्या नावावर चढत नाही.

या रीतीने दहा आठवड्यांनंतर औषध गटातील सुमारे ७५ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३८ टक्के मुलांचा रोग शांत असल्याचे दिसते. मध्यक कालावधी अनुक्रमे २३ व ८ आठवडे येतो. १९६५ मध्ये एडमंड गेहान यांनी जोड्यांच्या तुलनेची कल्पना अशा अर्धवट नोंदींना लागू केली. कोण वरचढ हे निश्चित सांगता आले तर अधिक किंवा उणे, न सांगता आले तर शून्य. त्यांनी उदाहरणादाखल हेच आकडे वापरले आणि तेव्हापासून ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहेत.

जनुकांच्या वारशातील कौल

आनुवंशिकीत ‘अप्राचलीय’ या शब्दाला आणखी एक छटा आहे. रोग प्रभावी जनुकाने येतो की अप्रभावी, जनुक असलेल्यांपैकी किती जणांना रोग होतो, या गोष्टी गृहीत न धरता केलेल्या विश्लेषणालाही अप्राचलीय म्हणतात. उदाहरणार्थ, दोन भावंडांत एखाद्या स्थानावरील जनुकाच्या आईवडिलांकडून आलेल्या शून्य, एक किंवा दोन प्रती समान असण्याची संभाव्यता अनुक्रमे १/४, १/२ आणि १/४ असते. दोन्ही भावंडे रोगी असलेल्या अनेक कुटुंबांत समान प्रतींचे प्रमाण याहून अधिक आढळले, तर त्या स्थानाजवळ रोगाशी संबंधित काही असावे असे अनुमान निघते. रोगाचा वारसा नेमका कसा चालतो हे ठाऊक असण्याची गरज राहत नाही.

चिन्ह चाचणीचे सर्वांत सुंदर रूप १९९३ मध्ये रिचर्ड स्पीलमन, राल्फ मॅकगिनिस व वॉरन यूअन्स यांनी मांडलेल्या ‘टीडीटी’ या चाचणीत दिसते. तिची गरज समजून घेण्यासारखी आहे. समजा, दोन समाज एका शहरात राहतात. पहिल्या समाजात आहारामुळे एक रोग अधिक आहे, आणि त्याच समाजात एक जनुकप्रकारही पिढ्यान्‌पिढ्या अधिक आढळतो. शहरातील रोगी आणि निरोगी यांची सरसकट तुलना केली, तर तो जनुकप्रकार रोग्यांत अधिक दिसेल आणि निरपराध असूनही दोषी ठरेल. एखाद्या समाजावर ‘तुमच्या रक्तातच रोग आहे’ असा शिक्का अशा तुलनेतून सहज बसू शकतो.

टीडीटी तुलनेसाठी परका माणूस घेतच नाही. आई किंवा वडिलांकडे एखाद्या जनुकाचे दोन भिन्न प्रकार असतील, तर अपत्याला त्यांपैकी एकच मिळतो. मिळालेला प्रकार आणि न मिळालेला प्रकार ही झाली जोडी. दोन्ही एकाच पालकाचे असल्याने समाजभेदाचा प्रश्नच उरत नाही. जनुकाचा रोगाशी संबंध नसेल, तर प्रत्येक प्रकार पोहोचण्याची संभाव्यता निम्मी. इन्शुलिनवर अवलंबून असलेल्या मधुमेहाच्या अभ्यासात, इन्शुलिन जनुकाजवळील एक विशिष्ट प्रकार मधुमेही अपत्यांकडे १२४ पैकी ७८ वेळा पोहोचला आणि ४६ वेळा पोहोचला नाही. फरक ३२, त्याचा वर्ग १०२४, त्याला १२४ ने भागले की ८.२६. योगायोगाने असे घडण्याची संभाव्यता सुमारे ०.००४ आहे. लंडनच्या नोंदवहीत आणि ल्युकेमियाच्या वॉर्डात जी मोजणी झाली, तीच येथे गुणसूत्रावर झाली.

लाखो चाचण्यांचा धोका

एका वेळी एकच स्थान तपासण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. आज एका अभ्यासात दहा लाख स्थानेही तपासली जातात. ०.०५ ही नेहमीची मर्यादा ठेवली, तर कोठेही काहीही नसताना त्यांपैकी सुमारे ५० हजार स्थाने ‘लक्षणीय’ ठरतील. म्हणून संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासात ०.०५ ला दहा लाखांनी भागून येणारी, म्हणजे दोन कोटींत एक, इतकी कडक मर्यादा रूढ झाली आहे.

दुसरा मार्ग क्रमचयाचा आहे. गॅरी चर्चिल व रेबेका डोर्ज यांनी १९९४ मध्ये आनुवंशिकीत तो रूढ केला. जनुकांची माहिती तशीच ठेवून गुणधर्मांच्या नोंदी पत्ते पिसावेत तशा व्यक्तींमध्ये पिसायच्या. पिसल्यावर खरा संबंध नाहीसा होतो, उरतो तो योगायोग. हजार वेळा पिसून प्रत्येक वेळी सर्वांत मोठे उत्तर नोंदवले, की निव्वळ योगायोग कुठवर मजल मारू शकतो ते कळते. खरे उत्तर त्याहूनही पुढे असेल तरच ते स्वीकारायचे.

मर्यादा

या पद्धती कमी गृहीत धरतात, पण काहीच गृहीत धरत नाहीत असे नव्हे. निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असली पाहिजेत. एकाच रुग्णाचे तीन वेळा घेतलेले रक्त म्हणजे तीन रुग्ण नव्हेत. गटवाटणी पक्षपाती असेल, तर कोणतीही चाचणी तो दोष धुऊन काढू शकत नाही.

नमुना फारच लहान असेल तर या चाचण्या मुक्याच राहतात. तीन-तीन रुग्णांच्या दोन गटांत क्रमांकवाटपाचे २० च प्रकार होतात, त्यामुळे दोन्ही बाजूंची संभाव्यता ०.१ खाली जाऊच शकत नाही. चार-चार रुग्णांत ती २/७० च्या खाली जात नाही. म्हणजे आठ रुग्णांवर हजारो जनुके तपासून क्रमांकांच्या चाचणीने कडक मर्यादा ओलांडण्याची आशा धरणे व्यर्थ होय.

क्रमांक घेतल्याने माहिती वाया जाते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. परंतु आकडे प्रसामान्य वितरणाचे असले, तरी मोठ्या नमुन्यांत विल्कॉक्सनची चाचणी टी-चाचणीच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कार्यक्षम असते. जोसेफ हॉजेस व एरिक लेहमन यांनी १९५६ मध्ये असेही दाखवले, की दोन गटांत केवळ स्थानांतराचा फरक असेल, तर ही कार्यक्षमता कधीही ८६ टक्क्यांच्या खाली जात नाही. वेड्यावाकड्या आकड्यांसाठी ती टी-चाचणीहून कितीतरी अधिक असू शकते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. विल्कॉक्सनची चाचणी म्हणजे सरसकट ‘मध्यकांची तुलना’ नव्हे. दोन गटांच्या वितरणांचे आकार सारखे असतील तेव्हाच तसे म्हणता येते. एरवी ती एका गटातील किमती दुसऱ्यापेक्षा मोठ्या असण्याकडे कल आहे का, एवढेच सांगते.

समारोप

या पद्धती शिकवायला महागडी साधने लागत नाहीत. आठ चिठ्ठ्यांवर एक ते आठ क्रमांक लिहून विद्यार्थ्यांना त्या पुनःपुन्हा चार-चारच्या दोन गटांत वाटायला लावल्या आणि प्रत्येक वेळी एका गटाची बेरीज फळ्यावर मांडली, तर तासाभरात संभाव्यतेची कल्पना डोळ्यांसमोर उभी राहते. विनामूल्य मिळणाऱ्या ‘आर’ या संगणकप्रणालीत या सर्व चाचण्या उपलब्ध आहेत, पण चिठ्ठ्यांचा तास आधी आणि संगणक नंतर, हा क्रम ठेवणे हितावह ठरेल.

हे विद्यार्थी उद्या रक्ताचे नमुने तपासतील, नोंदी ठेवतील, औषधे देतील. दशांश बिंदू निसटला तर काय होते, अर्धवट नोंद टाकून दिली तर कोणाचे नुकसान होते, आणि ‘योगायोग नव्हे’ व ‘कारण सापडले’ या दोन विधानांत किती अंतर आहे, हे त्यांना कळणे सूत्र पाठ होण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे. आपल्याला जेवढे ठाऊक आहे तेवढेच गृहीत धरावे, हा या पद्धतींचा पाया आहे. प्रकल्पाच्या वहीत ‘फरक लक्षणीय’ असे लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने तो पाया एकदा तपासून पाहिला, तरी शिक्षकाचे श्रम कारणी लागतील.